बालाघाटाची वाट आणि उसाचा प्रवास

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयास उभा राहणारा मनुष्य बहुधा पदवीधर असतो. आमच्याजवळ पदवी नाही. सातवीनंतर आमची शाळा सुटली ती कोयत्यामुळे. पुढे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर आणि संघटनेच्या कचेरीत, सभा आटोपून मंडळी पांगल्यावर. तेव्हा श्रोत्यांनी आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नये. एका वाटेची हकिगत तेवढी आम्ही सांगणार आहोत. ती वाट आम्ही लहानपणी बैलगाडीत बसून, तरुणपणी गाडी हाकीत आणि पुढे संघटनेचे काम करीत तुडविलेली आहे.

या हकिगतीचा आरंभ मात्र बराच दूर आहे. तरुणपणी अशाच एका वाचनालयात आमच्या हाती जगाचा नकाशासंग्रह आला. दक्षिण अमेरिकेच्या पानावर, वरच्या काठाला, ब्राझीलच्या डोक्यावर ठेवलेल्या चुंबळीसारखा एक लहानसा देश दिसला. त्याचे नाव सुरिनाम. त्या खंडातला हा सर्वांत लहान स्वतंत्र देश. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर. पण एवढ्याशा देशात किती तऱ्हा! समुद्रकाठी गालिबीच्या वाळूवर प्रचंड कासवे रात्री अंडी घालावयास येतात. त्यामागे दलदल, मग गवताळ माळ, मग आकाश झाकणारे अरण्य, आणि त्या अरण्यातून मधूनच वर आलेले सपाट माथ्याचे खडकाळ डोंगर. तेथे जग्वार हिंडतो, नदीत माणसाएवढी पाणमांजरे पोहतात, पहाटे वानरांच्या हुंकाराने रान दणाणते. हे सारे वाचून आम्ही थक्क झालो. आणि मग मनात आले की, आपला बीड जिल्हा १० हजार ६९३ चौरस किलोमीटरांचा, म्हणजे त्या चिमुकल्या देशाच्या पंधराव्या हिश्शाएवढा. तो आपण कधी असा डोळे उघडून पाहिला आहे काय?

चला तर, आधी आपलाच मुलूख पाहू.

प्रवास गोदावरीच्या काठाने सुरू करावा. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांच्या उत्तर अंगाने नदी वाहते. ही गंगथडी. येथली जमीन काळी, खोल, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी आणि पावसाळ्यात बैलाचा खूर गिळणारी. मंजरथला सिंदफणा गोदावरीस मिळते. याच सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, आणि जायकवाडीचा उजवा कालवा या भागातून आला. पैठणच्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी बसविली व १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. पाणी आले तशी पिके पालटली. ज्वारी-कापसाच्या शेजारी ऊस उभा राहिला. धरणाच्या पाण्यावर थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून चक्रवाक आणि नाना जातींची बदके उतरू लागली. ही पाखरे कार्तिकात येतात. त्याच कार्तिकात आमची माणसे जातात. हा योगायोग श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

गंगथडी सोडून दक्षिणेस वळले की जमीन पायरीपायरीने चढू लागते. हा बालाघाट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर चढले. त्या काळ्या पाषाणाच्या या पायऱ्या. धारूरच्या घाटात डावी-उजवीकडे पाहिले तर हे थर एखाद्या जाणत्या गवंड्याने रचल्यासारखे दिसतात. त्याच पाषाणाच्या भरवशावर सोळाव्या शतकात आदिलशाहीच्या किशवरखानाने धारूरचा किल्ला उभारला. वर चढून गेले की सहा-सातशे मीटर उंचीचे पठार लागते. माती वीतभर, खाली मुरूम, मुरमाखाली खडक. पाऊस वर्षाला सहा-साडेसहाशे मिलिमीटर, तोही लहरी, कारण सह्याद्रीने पश्चिमेचे ढग आधीच रिते करून घेतलेले असतात. पडलेले पाणी येथे थांबत नाही. ते घळींतून उतरून जाते.

ते कोठे जाते, हे पाहावयाचे तर पाटोदा तालुक्यात यावे. याच एका तालुक्याच्या डोंगरात सिंदफणा उगम पावते आणि उत्तरेच्या अंगाने गोदावरीस मिळते. येथेच मांजरा उगम पावते. ती जिल्ह्याच्या दक्षिण सीमेने पूर्वेकडे जाते आणि दूर तेलंगणाच्या हद्दीवर, कंदकुर्तीपाशी, गोदावरीची भेट घेते. आणि सौताड्याला रामेश्वराच्या दरीत उडी घेणारी विंचरणा मात्र तिसरीच वाट धरते. ती सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे एका तालुक्यावर पडलेला पाऊस दोन महानद्यांत वाटला जातो. ज्या भूमीतून एवढ्या नद्या निघतात, त्या भूमीची माणसे हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात. मांजरेवरचे धनेगावचे धरण आपल्या केज तालुक्यात आहे. २०१६ साली ते कोरडे पडले तेव्हा लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. उगम असणे निराळे आणि पाणी असणे निराळे.

जुन्या लोकांना हा भेद कळत होता. बीड शहराजवळची खजाना बावडी पाहा. निजामशाहीतील सलाबतखानाच्या काळात ती बांधली गेली. जमिनीच्या पोटातले पाणी बोगद्यांनी आणून उताराने शेतांना द्यावयाची ही योजना. चारशे वर्षे होऊन गेली तरी ती विहीर लोकांना पाण्याचा हिशेब शिकवीत आहे. खजाना हे नाव तिला उगाच पडले नसावे.

आता रानातील रहिवाशांकडे वळू. बालाघाटावर दाट अरण्य नाही. आहेत ते गवताळ माळ, बोरी-बाभळीची झुडपे आणि घळींतली रानझाडी. परके लोक याला ओसाड म्हणतात. पण धनगराला विचारा. तो सांगेल की या माळावर लांडगा आहे, कोल्हा आहे, खोकड आहे, ससा आहे. चिंकारा आणि काळवीट आहे. तित्तिर आणि लावे आहेत. लांडगा म्हणजे धनगराचा वैरी खरा, पण शेजारीही. वर्षाला एखाददुसरे कोकरू त्याचे, असा हिशेब जुने धनगर मनात धरूनच चालत. माळढोक पक्षी मात्र आता आठवणीत गेल्यासारखाच आहे. त्याच्यासाठी शेजारच्या सोलापूर-नगर भागात १९७९ साली अभयारण्य झाले; आज साऱ्या देशात हे पक्षी दीडशेही उरलेले नाहीत. पाटोदा तालुक्यातील नायगावला १९९४ साली मोरांचे अभयारण्य झाले, सुमारे ३० चौरस किलोमीटरांचे. पहिल्या वळवाच्या आधी तेथील घळीत पहाटे उभे राहावे. एका टेकडीवरून केका उठते, दुसऱ्या टेकडीवरून तिला उत्तर येते, आणि पाहता पाहता सारे खोरे बोलू लागते.

आणि सीताफळ! बालाघाटाच्या मुरमाड उतारावर, जेथे दुसरे काही धड येत नाही, तेथे हे झाड आपोआप उगवते. त्याला पाणी नको, खत नको. शेळीही पाल्याला तोंड लावीत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास डोंगरउतारावरच्या बाया पाट्या भरून फळ उतरवितात. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे फळ आमच्याच मातीचे असे सरकारी मोहोरेने ठरले. ठरले ते योग्यच. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात की या झाडाचे मूळ घर उष्णकटिबंधीय अमेरिकेत आहे. ज्या मिरचीवाचून आपली भाकरी उतरत नाही ती तिकडची, भुईमूग तिकडचा, आणि पेरूही तिकडचाच. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दींच्या गलबतांतून ही झाडे इकडे उतरली आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे राबून येथलीच झाली. आम्ही लहानपणी ज्याला निव्वळ आपले मानले, त्या फळाला लोकांनी सीतामाईचे नाव दिले. परक्याला घरात घेण्याची ही केवढी सुंदर रीत!

मग प्रश्न पडतो की, तिकडून एवढे आले, तर इकडून तिकडे काय गेले? इकडून ऊस गेला.

उसाची लागवड प्रथम न्यू गिनीच्या बाजूस झाली असे मानतात. पण रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारताची. आपल्या ‘शर्करा’ शब्दापासूनच युरोपातल्या भाषांचे साखरेचे शब्द निघाले. अरबांनी ऊस भूमध्य समुद्रापर्यंत नेला, आणि १४९३ साली कोलंबसाने आपल्या दुसऱ्या सफरीत तो अमेरिकेच्या बेटांवर पोहोचविला. तेथून पुढचा इतिहास गोड नाही. उसाला माणसे लागतात. ती आफ्रिकेतून धरून, साखळदंडांत बांधून आणली गेली. सुरिनामची किंमत तेव्हा उसाच्या मापाने होत असे. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात डचांनी हा उसाचा मुलूख आपल्याकडे ठेवला आणि आजचे न्यूयॉर्क इंग्रजांच्या हाती राहू दिले! गुलामांतील धाडसी माणसे मळे सोडून अरण्यात पळाली, तेथे त्यांनी गावे वसविली, आणि त्यांच्याशी लढून थकलेल्या सरकारला १७६० साली त्यांच्याशी तह करावा लागला. ज्या अरण्याचे वर्णन वाचून आम्ही थक्क झालो होतो, तेच या माणसांचा किल्ला झाले होते.

१८६३ साली तेथील गुलामगिरी उठली. पुढची १० वर्षे सुटलेल्या माणसांना सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबावे लागले; ती मुदत संपली आणि मळेवाल्यांना नवे हात हवे झाले. ते हात कोठून आले? आपल्याच देशातून. १८७३ च्या जूनमध्ये ‘लल्ला रूख’ नावाचे जहाज कलकत्त्याहून पारामारिबोला पोहोचले. १९१६ पर्यंत अशा ६४ जहाजांतून सुमारे ३४ हजार भारतीय मजूर गेले. ते बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडचे. आपल्या कोकणातली मराठी माणसे अशाच करारावर मॉरिशसला गेली होती. करार पाच वर्षांचा. दलालांनी भोळ्या माणसांना ‘श्रीराम’ देशास नेतो म्हणून सांगितले, अशी आठवण तिकडे अजून सांगतात. करारावर आलेल्या या मजुराला तेथे ‘कंत्राकी’ म्हणत. १९०२ साली मारियेनबर्गच्या मळ्यावर मजुरीच्या तंट्यातून मजुरांनी व्यवस्थापकाला ठार मारले, आणि दुसऱ्या दिवशी सैन्याने गोळ्या घालून मजुरांची प्रेते पाडली. आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला ते पान वाचून पुढे वाचवले नाही. मजुरीचा दर, मुकादमाची जीभ, कामाचे वाढते माप, हे सारे शब्द ओळखीचे होते.

कारण तोपर्यंत आम्ही दहा-बारा हंगाम फडात काढलेले होते.

आता आपल्या वाटेवर परत येऊ. पठारावरची माणसे पूर्वीही सुगीला खाली जात. गंगथडीला कापूस वेचावयास, ज्वारी काढावयास. परंतु ते जाणे महिना-पंधरा दिवसांचे. पश्चिम महाराष्ट्रात कालवे झाले, १९५० साली प्रवरेकाठी पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्यामागून कारखान्यांची रांग लागली. कारखान्याला तोडणीस माणसे हवी होती आणि बालाघाटाला भाकरी. त्यात १९७२ चा दुष्काळ आला. आम्ही तेव्हा अंगावर पिणारे मूल. आईने आम्हाला खडी फोडण्याच्या कामावर झोळीत टांगले होते आणि सुकडीवर वाढविले, असे ती सांगे. दुष्काळी कामांवर तळी झाली, रस्ते झाले. पण दुष्काळ सरल्यावर त्याच रस्त्यांनी माणसे खाली उतरली ती दरसाल उतरू लागली. आज काही लाख माणसे या एका जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर निघतात. नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकापर्यंत.

या व्यवहाराची भाषा शहरातल्या श्रोत्यांना ठाऊक असावी. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची गणती येथे हत्याराने होते. मुकादम पावसाळ्यात ‘उचल’ देतो. ती हंगामभर फेडावयाची. एक दिवस आजारी पडले तर ‘खाडा’, म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड. फडाशेजारी उसाच्या पाचटाची ‘कोपी’ उभारावयाची, पहाटे तीनला उठावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावरून गाडीत भरावयाच्या. एका हंगामात एका कारखान्याच्या काट्यावर आमच्या टोळीच्या गाड्या रोजच हलक्या भरू लागल्या. बैलांना वजन कळत होते, काट्याला कळत नव्हते. आम्ही वहीत रोजची गाडी आणि पावती मांडून ठेवली, चाळीस कोयते एका झाडाखाली बसविले आणि दोन दिवस तोड बंद केली. तिसऱ्या दिवशी काटा तपासला गेला. आमच्या संघटनेचा जन्म त्या शंभरपानी वहीतला आहे. सुरिनामच्या कंत्राकीजवळ निदान छापील करार होता. आमच्याजवळ मुकादमाचा शब्द होता.

त्याच फडांत आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. एका पौषात ऊस तोडता तोडता पाचटात बिबट्याची दोन पिले सापडली, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. पोरे दगड घेऊन धावली. आमच्याबरोबरच्या एका म्हातारीने हात आडवे केले. ती म्हणाली, “ठेवा तिथंच. तिची माय चाऱ्याला गेली असंल. आपली लेकरं बी बांधावरच हाईत का न्हाई?” खरोखर बांधावर बाभळीला तीन झोळ्या टांगलेल्या होत्या. आम्ही तेवढा तुकडा सोडून तोड दुसरीकडे लावली. सकाळी पिले नव्हती. आई घेऊन गेली होती. पुढे वाचनात आले की जुन्नर, नाशिक, नगर या भागांत बिबट्यांच्या पिढ्या आता उसातच जन्मतात. त्यांना रान म्हणजे ऊसच ठाऊक. २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली तेव्हा सारा जिल्हा हादरला. बिबट्याला दोष द्यावयाचा तर द्या. पण उसाने त्याचेही गाव बदलले आणि आमचेही, हे विसरू नका.

म्हणून आमचे म्हणणे असे की, भूमीचा इतिहास आणि मजुरीचा इतिहास हे दोन निराळे ग्रंथ नव्हेत. बालाघाटाची माती पातळ आहे म्हणून तेथे माळ आहे, माळ आहे म्हणून काळवीट आणि लांडगा आहे. आणि त्याच पातळ मातीमुळे माणूस घाट उतरतो. सौंदर्याचे आणि वणवणीचे कारण एकच. सौताड्याचा धबधबा पाहून परतणाऱ्या प्रवाशाने वाटेतल्या वाडीत कुलपे लावलेली घरे आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे पाहिली नाहीत, तर त्याने अर्धाच जिल्हा पाहिला.

कोणी म्हणेल, मग रान आणि मोर यांचे कौतुक गरिबाने कशाला करावे? आम्ही उलट म्हणतो. सुरिनाममध्ये १९९८ साली एक राखीव अरण्य जाहीर झाले. ते एकटेच सुमारे १६ हजार चौरस किलोमीटरांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या दीडपट आहे. मारियेनबर्गचा साखर कारखाना बंद पडून गंजून गेला. अरण्य उभे आहे. साखर येते आणि जाते. आपल्याही तोडणीत आता यंत्रे आली आहेत. उद्या कोयत्याला काम उरले नाही तर आमच्या माणसाने परतावयाचे कोठे? याच माळावर. त्या दिवशी घळीत पाणी अडविलेले असेल, गवत राखलेले असेल, सीताफळाला प्रक्रिया आणि बाजार असेल, तरच माळ त्याला ठेवून घेईल. मोर राखणे आणि माणूस राखणे ही एकाच बांधाची दोन टोके आहेत.

पारामारिबो शहरात एक पुतळा आहे. १९९४ साली उभारलेला. एक पुरुष आणि एक स्त्री, बोटीतून नुकतीच उतरलेली, हाती गाठोडे. लोक त्यांना ‘बाबा आणि माई’ म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांना एके काळी नुसते हात म्हणून मोजले, त्या लोकांनी त्यांना आईबापांचे नाव दिले. आपण आपल्या ‘कोयत्या’ला अजून असे नाव दिलेले नाही.

ही व्याख्यानमाला दरसाल वसंतात भरते. याच पंधरवड्यात कारखान्यांचे पट्टे पडतात आणि घाटाने गाड्या वर चढू लागतात. गाडीत पत्र्याची पेटी, कोंबड्या, एखादे शेळीचे करडू, आणि सहा महिने शाळा न पाहिलेली लेकरे. श्रोतेहो, आज सभा संपल्यावर घरी जाताना रस्त्यावर अशी गाडी दिसली तर घटकाभर थांबा. गाडीवानाला विचारा, कोणत्या कारखान्याला होता, किती फिटली, किती राहिली, पोरांची शाळा कुठवर आली. जमले तर वहीत मांडून ठेवा. पुढच्या वसंतात या व्यासपीठावर त्या वह्या वाचल्या जाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे. या जिल्ह्याचा खरा प्रवास ज्यांनी केला आहे, ते अजून गाडीवरच बसलेले आहेत.